तिसऱ्या पिढीचे बोळे

"फालसे आले, काले काले फालसे… नमक लगा के, ठंडे ठंडे फालसे…"

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांमागच्या गल्लीतून तो आवाज यायचा. जेठ महिन्याचं ऊन, खिडकीला वाळ्याचा पडदा, वडील ऑफिसला गेलेले. आवाजाला घाई म्हणून नसायची. 'काले'वर तो रेंगाळायचा, 'ठंडे'पाशी हलकेच खाली उतरायचा, आणि माणूस गल्लीतून निघून गेला तरी मागे उरायचा, ओला पदर वाळला तरी अंगाला गारवा उरावा तसा. शालिनीची आई पहिल्या मजल्यावरून आपल्या खास हिंदीत ओरडायची, "ओ भैया, थांबो!" आणि तो थांबायचा. तिचं 'थांबो' सगळ्या गल्लीला कळायचं. मग वाटी घेऊन शालिनी जिना उतरत धावायची, आणि जिभेवर आंबटगोड जांभळा रंग घेऊन परत यायची.

तो म्हातारा फालसेवाला केव्हाच गेला असणार. क्वार्टरंही पाडली, तिथं आता उंचच उंच इमारती उभ्या राहताहेत. पण ऊन तापलं की साठी ओलांडलेल्या शालिनीबाईंच्या कानात तो आवाज अजून येतो.

त्या सकाळीही आला. पटपडगंजच्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत त्या कपडे वाळत घालत होत्या. मागे वेताच्या खुर्चीत त्यांचे यजमान, अंबादास मांडवगणे, भारत सरकारचे निवृत्त उपसचिव, डोळे मिटून बसले होते. चेहऱ्यावर अशी शांती की बघणाऱ्याला वाटावं, समाधी लागली.

शालिनीबाईंनी शेवटचा टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि दोरीकडेच बघत म्हणाल्या,

"अहो, मला पुण्याला नाही यायचं."

समाधी हलली नाही. कानांत दोन पांढरी बोंडं होती. तिसऱ्या पिढीची.

रविवारी दिल्लीचा हा फ्लॅट विकत घेणारी माणसं बयाणा घेऊन यायची होती. एकदा तो हातात घेतला की शब्द गेला. त्याच्या आत शालिनीबाईंना हे एक वाक्य नवऱ्यापर्यंत पोचवायचं होतं. वाक्य अगदी छोटं होतं. वाट फार लांबची होती, म्हणजे दोन हात.

पूर्वी ज्याला ऐकायचं नसेल तो कानात कापसाचे बोळे घालून बसायचा. त्याला घरचे नावं ठेवायचे, शेजारीही ठेवायचे. आता तेच बोळे गुळगुळीत डबीत मिळतात, डबीला दिवा असतो, आणि घरचेच वाढदिवसाला आणून देतात.

मांडवगण्यांच्या घरी ते कृतिकानं आणले. कृतिका ही लेक. गुरुग्रामला नोकरी, गुरुग्रामलाच बिऱ्हाड, आणि मराठी अशी की निम्मी रस्त्यात सांडलेली.

"बाबा, तुमचे जुने बड्स फेका यार," ती म्हणाली. "हे नवीन जनरेशन आहे. नॉइज कॅन्सलेशन बघा कसलं आहे! मेट्रो, जनरेटर, खालचं गेट, सब गायब."

"सोसायटीची मीटिंग?" अंबादासरावांनी विचारलं.

"बिल्कुल गायब."

अंबादासरावांना गहिवरून आलं. पोटच्या लेकीनं बापाचं मन असं ओळखावं!

मग तिनं त्यातल्या खुब्या दाखवायला सुरुवात केली. हे कान तपासतं. अंबादासरावांनी टिक-टिक आवाज ऐकत पडद्यावर बोट दाबलं आणि मोबाइलवर निकाल आला: श्रवणशक्ती उत्तम. शालिनीबाईंनी तो चष्मा लावून वाचला. इतकी वर्षं त्या समजत होत्या की यजमानांच्या कानांत काहीतरी दोष असावा. आता यंत्राचा दाखला मिळाला. दोष कानांत नव्हता.

"आणि कॉल आला ना बाबा, फोन उचलायचीपण गरज नाही. मान हलवायची. हो म्हटलं तर कॉल सुरू, नाही म्हटलं तर कट."

"वा! आणि मी फोनवर असताना मागे ही कुकर लावते, भांडी आपटते, त्याचं काय?"

"पलीकडच्याला फक्त तुमचा आवाज जाणार. बाकी सगळा गोंगाट हे चाळून टाकतं."

बाकी सगळा गोंगाट त्या वेळी ट्रेमधून चहा आणत होता. त्यानं कप ठेवले, साखर विचारली आणि तो बाजूला बसला.

"आता हे महत्त्वाचं," कृतिका म्हणाली. "कुणी तुमचं नाव घेतलं ना, की हे आपोआप उघडतं आणि त्यांचा आवाज आत घेतं. फक्त एकदा नाव रेकॉर्ड करायचं. बोला."

अंबादासरावांनी घसा साफ केला, पाठ ताठ केली आणि पंधरा ऑगस्टचं भाषण सुरू करावं तसं म्हणाले, "अंबादास."

डबीवरचा दिवा हिरवा झाला. आता जगात कुणीही 'अंबादास' अशी हाक मारली की ते कान उघडणार होते. अडचण एवढीच होती की जगात तशी हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. आई-वडील गेले, त्यांच्याबरोबर ते नावही गेलं. लेक 'बाबा' म्हणते. पुण्याची बहीण 'दादा' म्हणते. ऑफिसात 'मांडवगणे साहब', सोसायटीत 'अंकलजी', फळवाल्याकडे 'बाऊजी'. आणि बायको?

बायको 'अहो' म्हणते.

'अहो' हे काही नाव नव्हे. पण त्या दोन अक्षरांवर या घराचा अख्खा संसार चालला होता. 'अहो, गॅस संपला.' 'अहो, कृतिकाला ताप आहे.' 'अहो, ऐकलंत का.' नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये, त्याचं आयुष्य कमी होतं, असं शालिनीबाईंची आई सांगायची. शालिनीबाईंचा त्यावर विश्वास नव्हता. त्या दिल्लीत शिकल्या, दिल्लीच्या शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं. विश्वास नव्हता, पण जिभेला ते कळवायचं राहून गेलं होतं.

आणि यंत्रात 'अहो' भरायचं कुणाला सुचलंच नाही. यंत्र बनवणाऱ्यांना अशी बायको माहीत नव्हती, आणि ज्याला माहीत होती त्यानं स्वतःचं नाव तेवढं सांगितलं.

त्या दिवसापासून घरात निवांतपणा आला. अंबादासराव सकाळी बोळे घालत ते जेवणापर्यंत. पुष्कळदा त्यात गाणंही लावलेलं नसे. नुसती शांतता ऐकत बसायचे, आणि ती किती उत्तम दर्जाची आहे हे पाहुण्यांना सांगायचे.

शालिनीबाई पोळ्या लाटायला बसल्या की नवऱ्याच्या पाठीमागे, त्याच खोलीत, मोकळ्या आवाजात गायच्या. आईच्या तोंडून ऐकलेल्या ओव्यांची चाल तेवढी उरली होती. शब्द त्या आपले घालायच्या.

पहिली माझी ओवी गं, पहिल्या पिढीच्या बोळ्याला
पंखा गेला, एसी गेला, दूधवाला राहिला

दुसरी माझी ओवी गं, दुसऱ्या पिढीची नवलाई
दूधवाला गेला, कुकर गेला, घंटी तेवढी ऐकू येई

तिसरी माझी ओवी गं, तिसरी पिढी आली घरी
घंटी गेली, पाहुणे गेले, बायको गेली वाऱ्यावरी

चौथी ओवी त्या जरा हळू म्हणायच्या. ऐकणारं कुणी नव्हतं तरी हळू.

चौथी माझी ओवी गं, चौथी कुणाला गाऊ मी
घरधनी निघाले घरी, माझ्या घरून कुठं जाऊ मी

आता हे पुण्याचं सांगायला हवं. अंबादासराव पुण्याचे. नोकरीसाठी ऐन तारुण्यात दिल्लीला आले आणि त्या दिवसापासून परत निघालेले होते. दिल्लीत त्यांनी घर केलं, बढत्या घेतल्या, मुलगी वाढवली, आणि हे सगळं करताना पाय मात्र स्टेशनवरच ठेवला. दिल्लीचं पाणी जड, दिल्लीची माणसं मोठ्यानं बोलतात, दिल्लीच्या श्रीखंडाला चव नाही. "रिटायर झालो की आपल्या घरी जायचं," असं ते प्रत्येक गणपतीत मंडळातल्या लोकांना सांगायचे, आणि शालिनीबाई शेजारी उभ्या राहून हसायच्या. ते हसणं होकार समजलं गेलं. होकाराचा खर्च नव्हताच काही. निवृत्ती तेव्हा फार लांब होती.

शालिनीबाई पुण्यात कधी राहिल्याच नव्हत्या. लग्नं, मुंजी आणि दहावे-तेरावे यांना जाऊन आल्या तेवढंच. तिथं सासरच्या बायका त्यांना कौतुकानं 'आमची दिल्लीवाली' म्हणायच्या आणि त्यांच्या 'अच्छा'ला हसायच्या.

आता मात्र निवृत्ती होऊन गेली होती, आणि पुण्याहून रोज फोन येत होता. अंबादासरावांची धाकटी बहीण इंदुमती तिथं फ्लॅट बघत होती, पडद्यांचे रंग ठरवत होती, आणि भावाचं परतणं असं मांडत होती जसं काही वनवास संपून राम येतोय. सीतेला कुणी विचारलं नव्हतं. तसं ते तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

"दादा, तुझ्याकडे किती रे शांतता!" इंदुमती म्हणायची. फोन झाला की अंबादासराव ते शालिनीबाईंना जसंच्या तसं ऐकवायचे. "पूर्वी वहिनीची भांडी केवढी वाजायची. आता अगदी देवळात बसल्यासारखं वाटतं."

फोन चालू असताना शालिनीबाई मिक्सरवर चटणी वाटत असायच्या.

एकदा त्यांनी ठरवलं, समोर जाऊन उभं राहायचं. खुर्चीपुढे उभ्या राहिल्या. अंबादासरावांनी डोळे उघडून त्यांच्याकडे प्रेमानं पाहिलं.

"अहो, पुण्याला गेलंच पाहिजे का?"

अंबादासरावांनी मान खाली-वर हलवली. ठाम, दोनदा.

शालिनीबाईंनी पुन्हा विचारलं, "माझ्या मनाचा काही विचार?"

त्यांनी मान आडवी हलवली. पुन्हा ठाम. मग त्यांचा चेहरा उजळला आणि ते म्हणाले, "हां, बोल इंदू. अगं, मध्येच तो कार्डवाल्या बँकेचा येत होता, त्याला कापलं."

त्यांनी इंदुमतीला होकार दिला होता आणि बँकेला नकार. बायकोला त्यांनी काहीच दिलं नव्हतं. शालिनीबाई परत फिरल्या. तसं बघितलं तर एक बोंड उपटून हातात घेता आलं असतं. सुरुवातीला एकदा घेतलंही होतं. "अगं, काय करतेस, कॉलवर आहे!" असे ते दचकले, की जणू शालिनीबाईंनी त्यांच्या डोक्यावरची टोपी काढली चारचौघांत. पुन्हा शालिनीबाईंनी हात लावला नाही.

"आई, इतकं काय डिफिकल्ट आहे?" कृतिका फोनवर म्हणाली. "नाव घे ना त्यांचं. अंबादास. बस्स. ते उघडेल."

"नुसतंच?"

"नुसतंच. मी माझ्या नवऱ्याला काय म्हणते? रोहन म्हणते."

"तू काय, तू त्याला गाढवही म्हणतेस."

"तो ऐकतो पण, यार!"

शालिनीबाईंनी प्रयत्न केला. स्वयंपाकघरात, फोडणीच्या आवाजाच्या आडोशानं. 'अं' पर्यंत जीभ गेली आणि मोहरी तडतडली तशी मागे उडाली. नुसतं नाव, पुढेमागे काही नाही, हे त्यांना उघड्या डोक्यानं देवळात शिरल्यासारखं वाटलं. नाव घ्यायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. लग्नात घेतलं होतं, डोहाळजेवणात घेतलं होतं: उखाण्यात. उखाण्यात नावाला वस्त्र असतं, दागिना असतो. मग तसंच घेऊ. आणि सांगायचं तेही त्यातच घालू.

दुपारभर त्यांनी तो जुळवला. मग पदराला हात पुसून खुर्चीपाशी गेल्या आणि वयाला शोभेल एवढं लाजून म्हणाल्या,

"फालशाच्या सरबताला खडीसाखरेची मिठास,
दिल्ली सोडून जायचं नाही, ऐका हो अंबादास!"

यंत्र आपल्या जागी चोख होतं. नाव ऐकताच त्यानं दार उघडलं. पण उखाण्यात नाव शेवटी येतं. यमकाशिवाय उखाणा म्हणजे मिठाशिवाय लोणचं. दार उघडेपर्यंत सरबत सांडलं होतं, दिल्लीही गेली होती. अंबादासरावांच्या कानात आली ती खोलीतली शांतता, पंख्यासकट.

ते दचकून उठून बसले. "कोण? कोण आलंय?"

"कुणी नाही."

"कुणीतरी नाव घेतलं माझं."

"मी घेतलं."

"तू?" अंबादासराव बघतच राहिले. या माणसाला इतक्या वर्षांत कुणी नावानं हाक मारली नव्हती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "का गं? आज काय आहे? हळदीकुंकू?"

"नाही हो."

"छान वाटलं पण." ते खरंच हसले, जुनं, सडपातळ अंबादासांचं हसू. दोन्ही बोळे काढून त्यांनी तळहातावर घेतले. "काय म्हणत होतीस?"

कान उघडे होते. घर शांत होतं. इंदुमतीचा फोन नव्हता, दाराची घंटा नव्हती. नवरा वर तोंड करून, लहान मुलासारखा वाट बघत होता. रानातल्या पाखरानं आपणहून समोर येऊन बसावं असा तो क्षण.

"काही नाही," शालिनीबाई म्हणाल्या. "चहा ठेवू का म्हटलं."

"ठेव की."

बोळे परत कानात गेले.

"व्हॉट?" कृतिका संध्याकाळी फोनवर किंचाळली. "आई, त्यांनी समोरून विचारलं, आणि तू चहा?"

"दूध नासत आलं होतं."

"आई." मग ती वेगळ्याच, सावकाश आवाजात म्हणाली, "मला एक सांग. बड्स तर आत्ता आले. त्याच्या आधी बाबांना सगळं ऐकू येत होतं ना? तेव्हा कधी म्हणालीस?"

शालिनीबाई ओट्यावरचा डाग पुसत राहिल्या. पोरीची मराठी निम्मी सांडली होती, पण उरलेली नेमकी टोचणारी होती. खरंच, नवरा ऐकत नाही म्हणून रोज हे वाक्य म्हणायचं, की नवरा ऐकत नाही हे माहीत आहे म्हणून? बाल्कनीत म्हटलं, पोळ्या लाटताना म्हटलं, देवापुढे म्हटलं. किती सोपं झालं होतं या तिसऱ्या पिढीमुळे! कंपनीनं नवऱ्यासाठी शांतता बनवली आणि आत बायकोसाठी फुकट धाडस घातलं.

"आणि एक ट्रिक आहे," कृतिका म्हणाली. "बाबा स्वतः बोलत असले ना, की ते उघडं असतं. त्यांना वाटतं गप्पा चालू आहेत. ते गप्प झाले की थोड्या वेळात परत बंद."

"म्हणजे स्वतः बोलत असतील तेवढ्यापुरतंच दुसऱ्याचं ऐकू येणार?"

"एक्झॅक्टली!"

"ही कसली सुधारणा बाई. साहेबलोकांना हे उपजतच असतं."

कृतिका हसली, मग म्हणाली, "आई, संडेला मी नाहीये तिथे. तुलाच बोलायचंय. मी सांगितलं तर ते माझं ऐकतील, तुझं नाही."

रविवारी ते आले. तनेजा म्हणून तरुण जोडपं, आणि त्यांना घेऊन आलेले प्रॉपर्टी डीलर बन्सलजी. बन्सलजींच्या हातात मिठाईचा डबा आणि चेहऱ्यावर मुलगी बघायला आल्याचा भाव. शालिनीबाईंनी शंकरपाळे, चिवडा आणि चहा मांडला. अंबादासरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि कानांत बोळे होतेच, कारण पुण्याहून इंदुमतीला हजर राहायचं होतं. "मी कानात आहे दादा," तिनं बजावलं होतं. "तू बिनधास्त बोल. काही चुकलं तर मी सांगते."

सौ. तनेजा स्वयंपाकघरात जाऊन आली. गोड पोरगी होती. "आंटी, बहुत प्यारा घर है," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, भिंतीवर हात ठेवून, "ये वाली तो तोड़ ही देंगे."

त्या भिंतीवर, दाराच्या चौकटीलगत, कृतिकाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. शालिनीबाईंनी ट्रे उचलला.

"भाभीजी तो बहुत खुश होंगी," बन्सलजी चिवड्यातले शेंगदाणे वेचत, अंबादासरावांच्या चाललेल्या गप्पांत म्हणाले. "आखिर अपने घर जा रही हैं."

बायकांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं नवऱ्यांनी द्यायची असतात. अंबादासरावांनी घसा साफ केला. आणि ते बोलू लागले, सुरेख, लांबरुंद, जसे ते पूर्वी कार्यालयात निरोप समारंभाला बोलत.

"देखिए बन्सलजी, आदमी कहीं भी रहे, मिट्टी बुलाती है. हम तो यहाँ मुसाफिर थे. अब मैडम को ही देखिए. पूरी ज़िंदगी यहाँ काटी, लेकिन मन? मन इनका पुणे में. मुँह से कभी कहेंगी नहीं, पर मैं जानता हूँ ना. रात-दिन इनको बस एक ही…"

शालिनीबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. बघत होत्या, यजमानांचे ओठ हलताहेत, म्हणजे दार उघडं आहे. पुढचं वाक्य संपलं की ते टाळ्यांची वाट बघत थांबतील, आणि दार लागेल. त्यानंतर बन्सलजी बयाण्याचं पाकीट पुढे करतील. म्हणजे आत शिरायचं तर आत्ता, वाक्याच्या मधोमध. चारचौघांत नवऱ्याचं बोलणं तोडून. हे त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं. सासूसमोर नाही, साहेबांसमोर नाही, भांडणातही नाही. नाव घेणं त्यापुढे काहीच नव्हतं.

त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. जरा जोरातच.

"अहो, थांबा."

अंबादासराव थांबले. तोंड उघडंच.

"नाही, थांबू नका," शालिनीबाई म्हणाल्या. "बोलत राहा. तुम्ही गप्प झालात की ते लागतं."

"काय लागतं? अगं, काय चाललंय तुझं? लोक बसलेत."

"लोक बसलेत म्हणून तर तुम्ही बोलताय. आणि बोलताय म्हणून ऐकू येतंय. मला पुण्याला यायचं नाही."

बन्सलजींना मराठी येत नव्हती, पण इतकी वर्षं ते घरं विकत होते. त्यांनी शेंगदाणा परत बशीत ठेवला.

"यायचं नाही म्हणजे?" अंबादासराव म्हणाले. "अगं, आज म्हणतेस हे? आज? कधी बोलली नाहीस ती!"

"नाही बोलले. तुम्हाला ऐकू येत होतं तेव्हा नाही बोलले. ऐकू येईनासं झालं तेव्हापासून रोज बोलतेय."

अंबादासरावांच्या कानात त्याच वेळी पुणं किलबिललं असावं, कारण त्यांनी एक बोट वर केलं, "एक मिनिट इंदू," असं म्हणाले आणि तसंच धरून ठेवलं. इंदुमतीपर्यंत भावाचं तेवढं पोचलं होतं. वहिनीला यंत्रानं नेहमीप्रमाणे चाळून टाकलं होतं. त्यामुळे तिच्या लेखी दादा एकटाच, रिकाम्या खोलीत, कुणाशी तरी वाद घालत होता.

"अंकलजी, हम बाद में आ जाएँ?" तनेजा अर्धवट उठला. त्याच्या बायकोनं त्याची बाही ओढून त्याला बसवलं. ती शालिनीबाईंकडे बघत होती.

अंबादासरावांनी बायकोकडे पाहिलं. मग उजवा बोळा काढला. मग डावा. डबी कुठं आहे ते आठवेना, म्हणून दोन्ही शंकरपाळ्यांच्या बशीच्या कडेला ठेवले. त्यांतून मुंगीएवढा आवाज येत राहिला, "दादा? दादा, ऐकतोयस ना?" आणि उघड्या खिडकीतून सगळी दिल्ली एकदम आत आली: खालच्या गेटवरचा भोंगा, कबाडीवाल्याची हाक, कुणाच्या तरी गच्चीवर आपटलं जाणारं गादीचं कव्हर.

"बस," अंबादासराव म्हणाले. आवाज उपसचिवाचा नव्हता. "बसून सांग."

"उभ्यानं सांगते. बसले तर चहा विचारीन." शालिनीबाईंनी खुर्चीची पाठ धरली. "तुम्ही म्हणता आपल्या घरी जायचं. मी हसत आले. मला वाटायचं, बोलताहेत, बोलू दे. तुम्हाला बरं वाटतं ना. पण ते घर तुमचं आहे हो. तुमची आई तिथली, तुमची शाळा तिथली, तुम्हाला तिथं सगळे दादा म्हणतात. मी तिथं पाहुणी होते आणि पाहुणीच राहीन. मी या गावात जन्मले. याच गावात चालायला शिकले, शिकवलं, बाळंत झाले, आईबापांना याच यमुनेवर पोचवलं. बाकीच्या बायकांचं माहेर लांब असतं म्हणून त्या रडतात. माझं माहेर नि सासर मेट्रोच्या एकाच लाइनीवर, म्हणून मी कधी रडले नाही, आणि तुम्हाला वाटलं, हिला माहेरच नाही."

अंबादासरावांनी शंकरपाळ्यांची बशी, बोळ्यांसकट, आणखी दूर सारली.

"तुम्हाला ओढ लागलीय, कळतं मला," शालिनीबाई म्हणाल्या. "बाईला लागते तशीच लागलीय. मग बाईसारखे जा की. बहीण बोलावतेय, चार दिवस माहेरपण करून या, गोडधोड खाऊन या. घर विकायचं नाही. मी दिल्लीची आहे, आणि मी इथून हलणार नाही."